बाजाराची सून

पाथरी, श्रावण शुद्ध नवमी, शके १८६२

ताडकळसच्या माणिकराव व्याह्यांना पाथरीच्या आबासाहेबाचा रामराम.

पंचमीला सुमनला आणायला आमची गाडी तुमच्याकडं गेली होती, ती काल परत आली. रिकामी आली असती तर मी समजून घेतलं असतं. पावसाचे दिवस, ओढ्याला पाणी, नव्या सुनेला कशाला धाडता, असं मनाला सांगितलं असतं. पण गाडी भरून आली. नारळ, गूळ, आमच्या कमलबाईला लुगडं, मला फेटा, वर गाडीवानाला पेढ्यांचा पुडा. मुलीच्या बापाला असा आहेर कोण करतं हो? आमच्याकडं मुलीचा बाप देतो आणि मुलाचा बाप नाक मुरडतो. तुम्ही ही रीत उलटी केलीत, तेव्हापासून माझा डोळा लागलेला नाही.

वैशाखात मी माझी एकुलती लेक तुमच्या व्यंकटरावांना दिली. पहिल्या वर्षाची पंचमी माहेरी, हे काही बैठकीत ठरवावं लागत नाही. सगळ्या मुलखाला ठाऊक असतं. गाडीवान म्हणतो, सुमन दारात आलीच नाही. दाराआडून “आईला सांगा, बरी हाय” एवढंच म्हणाली. सुमन आणि एवढंच? लहानपणी ही पोर आडावर पाण्याला गेली तरी परत येऊन तासभर हकिगत सांगायची.

काय झालं असेल ते सरळ कळवावं. वाकडं कळवलंत तरी मला सरळ वाचता येतं.

आपला,
आबासाहेब

*

ताडकळस, श्रावण वद्य द्वितीया, शके १८६२

आबासाहेब व्याह्यांना माणिकरावाचा नमस्कार.

पत्र पोचलं. तुमचा स्वभाव ठाऊक आहे, म्हणून राग धरत नाही. तुम्ही दुधात पाणी शोधता आणि पाण्यात विष.

लग्न ठरवताना पाहिलंत ते ताडकळस आता विसरा. चुडाव्याला स्टेशन झालं तेव्हा आमच्या बाजाराचा जीव गेला होता. माल तिकडं, गिऱ्हाईक तिकडं. आमच्या बाजाराला दोन माळणी, एक कासार आणि उरलेली कुत्री. माझ्या वडिलांनी हे बघत डोळे मिटले. आता येऊन बघा. भांड्यांची ओळ वेगळी, घोंगड्यांची वेगळी, बैलांना तर ओढ्यापलीकडं जागा द्यावी लागली. नांदेडचे अडते आमच्या ओट्यावर चहा पितात. चुडाव्याची माणसं बाजाराला इकडं येतात, याहून जास्त काय सांगू?

आणि नुसता पैसा नव्हे. मारुतीच्या पारावर भजन पुन्हा सुरू झालं, पखवाजाला नवं कातडं चढलं. कुस्त्यांच्या फडाला तहसिलीतून इजाजत मिळाली. पोरं नाटकाची तालीम करतायत. आमचा व्यंकट त्यात सेनापती आहे, मिशा चिकटवून घरभर हिंडतो. गाव झोपलं होतं ते उठून बसलं आहे, आबासाहेब. हे सांगताना माझा ऊर भरून येतो, त्याला मी काय करू?

सूनबाई खुशाल आहेत. आमच्या घरच्यांचा गुडघा धरला आहे, त्यामुळं घरात हात लागतो. दिवाळीचं पाहू.

माणिकराव

*

पाथरी, आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८६२

माणिकराव व्याह्यांना रामराम.

तुमचं पत्र मी जपून ठेवलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात बैलांच्या जागेवर लिहिलंत, पखवाजाच्या कातड्यावर लिहिलंत, चिकटवलेल्या मिशांवर लिहिलंत. माझ्या लेकीवर तीन शब्द. तेसुद्धा असे, की शेजारच्या म्हशीबद्दल विचारलं असतं तरी तेच लिहिलं असतंत.

दसराही गेला. आता गुडघ्याचं बोलू. आमच्या रानात दरसाल मेंढरं बसवायला येणारा येडबा धनगर तुम्हाला माहीत असेल. त्याचे पाहुणे तुमच्याच शिवारात आहेत. त्यांनी तुमच्या दगडाबाई विहीणबाईंना बाजारात पाहिलं. डोक्यावर पाटी घेऊन चालल्या होत्या आणि लेकराबाळांना मागं टाकत होत्या. देव त्यांच्या गुडघ्याला असंच बळ देवो. पण मग दुखतो आहे तो गुडघा कुणाचा?

तुमचं पाकीट इथं आलं तेव्हा त्याची कड ओली होऊन सुकलेली होती. कुणी उघडलं, मधे काय काढलं, काय घातलं, कोण जाणे. टपालवाल्याला विचारलं तर म्हणतो पाऊस होता. त्या दिवशी पाऊस नव्हता.

लग्नात मानपानात काही कमी पडलं असेल तर स्पष्ट सांगा. पोरीच्या अंगावर हात पडला असेल तर तेही सांगा, म्हणजे मी पत्र लिहिणं थांबवून स्वतः निघतो. काहीच नसेल तर तिच्या हातचं पत्र पाठवा. तिला चांगलं लिहिता येतं, मीच शिकवलं आहे.

आबासाहेब

*

ताडकळस, आश्विन वद्य षष्ठी, शके १८६२

आबासाहेब, आधी तोंड गोड करा आणि मग पुढचं वाचा.

सूनबाईंना दिवस गेले आहेत. चौथा लागला. म्हणून त्या जरा दबकून असतात, दुसरं काही नाही. आमच्या घरात माणूस माणसावर हात उचलत नाही, बैलावरसुद्धा नाही. तुम्ही असं लिहिलंत याचं वाईट वाटलं. आजोबा होणाऱ्या माणसाला माफ केलं.

गावाला बातमी कळली तेव्हा भर बाजारात साखर वाटली, आणि ती मी नव्हे, दुकानदारांनी. चोळखणवाला भुजंग तर म्हणतो, ओटीभरण बाजारात मांडव घालून करू. अशी सून कुणाच्या घरी असेल? तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे.

एक विनंती आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे मला ठाऊक आहे. पण इथली सुईण तानुबाई फार हातगुणाची आहे, आणि गाडीचे हादरे बरे नव्हेत. तेव्हा बाळंतपण इथंच करावं असं सगळ्यांच्या मनात आहे. कमलबाईंनी इथं येऊन राहावं. घर तुमचंच आहे.

सूनबाईंच्या हातचं सोबत आहे.

माणिकराव

(सोबत.) ती. बाबांना व आईला सुमनचा शि. सा. नमस्कार. मी सुखात आहे. काळजी नसावी.

*

पाथरी, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, शके १८६२

माणिकराव व्याह्यांना रामराम.

बातमी ऐकून कमलबाईनं देवापुढं साखर ठेवली आणि मग रडत बसली. तुमच्या “सगळ्यांच्या मनात” हे सगळे कोण, ते तिला कळेना. लेकीचं पहिलं बाळंतपण कुठं करायचं हे ठरवणारे दोन घरांबाहेरचे कोण?

सुमनच्या हातच्या ओळी तिच्याच आहेत, अक्षर मी ओळखतो. पण “मी सुखात आहे” हे तिचं बोलणं नव्हे. तिनं आईची तब्येत विचारली नाही, तांबडी गाय व्याली का विचारलं नाही, परसातल्या लिंबोणीला लिंबं आली का विचारलं नाही. लिहिताना कुणीतरी शेजारी उभं होतं.

एवढं लिहून हे पत्र आठ दिवस पडून राहिलं, कारण माझ्या मनात शंका सोडून हातात काही नव्हतं. काल येडबा मेंढरं घेऊन आला. त्याची बायको भिवराबाई तुमच्या बाजारात घोंगड्या विकायला बसली होती. दोघांना ओट्यावर बसवलं, भाकरी दिली आणि विचारलं. येडबा म्हणाला तसंच लिहितो.

“मालक, पोरीला कुनी वाईट वागवत न्हाई. लय मान हाय. तिची वरात गावात आली तो बाजारचा दिस होता. त्याच दिशी लमाणांचा तांडा वढ्याला बैलांपुरतं पानी हाय म्हून थांबला, आन् बाजार असा भरला का लय वर्सांत भरला न्हवता. भुजंग म्हनला, सूनबाईचा पायगुन. म्होरच्या बाजाराला तिला नेऊन तिच्या हातानं पयली भवानी केली, तवाबी भरला. आता तिनं पयली खरेदी केल्याबिगर कुनी दुकानाचं फडकं काढत न्हाई. आन् पोरीला वेशीच्या भाईर जाऊ देईनात. लक्ष्मी वेस वलांडून गेली तर बाजार बी जाईल म्हनायलेत.”

भिवराबाई पुढं म्हणाली, “यकदा तिच्या अंगात ताप व्हता. तवा पाटावर बसवून आनली. माझ्याच घोंगडीला हात लावला तिनं. हात लय गरम व्हता, बाई.”

तर हा तुमचा गुडघा.

माणिकराव, मी हसलो असतो. माझी लेक पाथरीला होती तेव्हा आमच्या घरात तिच्या पायगुणानं एक कोंबडीसुद्धा जास्त अंडी घालत नव्हती. पण कमलबाई हसली नाही. ती म्हणाली, “आज जे पाया पडतात, तेच बाजार मोडला की पांढऱ्या पायाची म्हणतील. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही आणि आरती ओवाळली तरी दुष्काळ पडायचा राहत नाही. एखाद्या साली पाऊस बिनसला की माझ्या पोरीचं काय?” याचं उत्तर मी तुमच्याकडं मागतो. तुम्हाला सुचलं तर कळवा.

सातव्या महिन्यात मी स्वतः गाडी घेऊन येतो.

आबासाहेब

*

ताडकळस, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८६२

आबासाहेब,

धनगराच्या तोंडून सुनेची चौकशी करवलीत. मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं. बरं, नसतं सांगितलं. पण लाजेनं लपवलं असं समजू नका. तुम्ही थट्टा कराल म्हणून लपवलं, आणि तुम्ही केलीतच.

तुमचं गाव कधी मेलं नाही, म्हणून तुम्हाला हसू येतं. आमच्याकडं बाजार बसला तेव्हा कासार उठून गेले, तांबट उठून गेले, कोष्ट्यांची आळी रिकामी झाली. चुडाव्याला जाऊन गावाचं नाव सांगितलं की लोक विचारायचे, “ताडकळस अजून हाय का?” असं वीस वर्षं ऐकलेल्या माणसांनी एका पोरीच्या पायाला हात लावला तर त्यांनी काय गुन्हा केला? मला स्वतःला ते खरं वाटतं की नाही हे विचारू नका. बाजार भरलेला बघतो तेव्हा वाटतं. घरी येऊन तिचा चेहरा बघतो तेव्हा वाटत नाही.

गावात बोललो. गाव बिथरलं आहे. लोक म्हणतात, पाथरीचे व्यापारी आबासाहेबाच्या पाठीशी आहेत. बाळंतपणाचं निमित्त करून पोरीला नेतील, तिकडच्या बाजारात तिच्या हातची भवानी करतील आणि आपण बसू हात चोळत. मी असं म्हणत नाही. पण रागावू नका, विचारतो: तुमचा बाजार सध्या कसा आहे?

शेवटी एक तोड निघाली. सूनबाईंच्या पावलांचे कुंकवाचे ठसे सागवानी फळीवर घ्यायचे, फळी मारुतीच्या देवळात ठेवायची. म्हणजे त्या गेल्या तरी पाऊल इथं राहील. भुजंगाला हे पटलं आहे. तुम्ही पौषात या. येताना पाथरीचा एकही व्यापारी सोबत आणू नका, आपल्या जावईबापूंच्या जिवाची आण.

माणिकराव

*

पाथरी, पौष वद्य नवमी, शके १८६२

माणिकराव व्याह्यांना रामराम.

सुखरूप पोचलो. सुमन आल्यापासून झोपते आहे. जेवायला उठते आणि पुन्हा झोपते.

तुमच्या घरी माझा पाहुणचार उत्तम झाला, त्यात शंका नाही. दगडाबाईंनी लेकीची ओटी भरताना डोळ्याला पदर लावला, तोही खरा होता. पण वेशीवर उभं राहिलेलं तुमचं गाव मी विसरणार नाही. एवढी माणसं आणि कुणी खोकत नव्हतं. गाडी वेशीतून बाहेर पडताच तुमचा भुजंग खाली वाकला आणि चाकाखालची माती त्यानं उपरण्यात बांधून घेतली. मी पाहिलं आणि बोललो नाही. बोललो असतो तर लेक तिथंच राहिली असती.

तिनं आईला जे सांगितलं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहितो. भाद्रपदात एका बाजाराला झड लागली आणि कुणी आलं नाही. त्या दिवशी दगडाबाईंनी तिला ताट वाढलं पण बोलल्या नाहीत. शेजारच्या बायनाबाईनं विचारलं, “पोरी, न्हाऊनच गेल्तीस नव्हं?” व्यंकटराव रात्री म्हणाले, उगीच मनाला लावून घेऊ नको. पण त्यांचं तोंड भिंतीकडं होतं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ही पोर उठली की आधी आभाळ बघायची. पोटात लेकरू आणि डोळे आभाळाकडं. तिला पंचमीला यायचं होतं, दाराआड तिच्याजवळ दगडाबाई उभ्या होत्या.

तुम्ही वाईट माणसं नाही आहात. तेच मला जड जातं आहे. वाईट असतात तर सरळ भांडता आलं असतं.

आबासाहेब

*

ताडकळस, चैत्र वद्य पंचमी, शके १८६३

आबासाहेबांना माणिकरावाचा नमस्कार.

कन्यारत्न झाल्याचं कळलं, सगळ्यांना आनंद झाला. माय-लेकी खुशाल असाव्यात.

इकडं काय सांगू? सूनबाई गेल्यावर गाव आठवडाभर सुतकात असल्यासारखं होतं. पहिल्या बाजाराला लोक फळीला हात लावून दुकानं मांडत होते आणि रस्त्याकडं बघत होते. आणि बाजार असा फुटून वाहिला की बैलगाड्यांना गावात वाट मिळेना. पुढच्या बाजाराला त्याहून जास्त. माघापासून कापसाचे अडते मुक्कामाला राहतात. आता तर एक पारशी व्यापारी कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना, म्हणजे जीन, काढण्यासाठी जागा बघून गेला. व्यंकट त्याच्याबरोबर हिंडतो. नाटकाचा खेळ झाला, परभणीहून माणसं आली होती. आबासाहेब, ताडकळस आता पुन्हा नकाशावर आलं.

सूनबाईंनी सावकाश यावं. घाई अजिबात नको.

माणिकराव

*

पाथरी, ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८६३

माणिकराव,

रामराम लिहायलाही हात धजत नाही, पण लिहितो.

मागच्या वर्षी मी विचारत होतो, लेकीला पाठवत का नाही. आता विचारतो, नेत का नाही. बारशाला तुमच्याकडून कुणी आलं नाही. बाळंतविडा आला तो भाड्याच्या गाडीतून, परक्या माणसाबरोबर. जावई दोन महिन्यांत पोरीचं तोंड बघायला आले नाहीत. तुमच्या शेवटच्या पत्रातलं “घाई अजिबात नको” मी तेव्हाच दोनदा वाचलं होतं. घाई नको, हे ठीक. “अजिबात” कशाला?

या वेळी येडबाला विचारावं लागलं नाही. तो आपण होऊन आला आणि उंबऱ्याशी उभा राहिला. भिवराबाईनं त्याला ढकललं तेव्हा म्हणाला, “मालक, आता निराळंच म्हनायलेत. ती गेली आन् बाजार दुप्पट झाला. म्हंजी अडवून धरलं व्हतं तिनंच. भुजंग म्हनतो, इडा टळली. ती फळी देवळातून काढली.”

फळी काढून कुठं टाकली, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आमची कमलबाई म्हणाली होती, बाजार मोडला तर दोष देतील. तिचासुद्धा अंदाज चुकला. तुम्ही बाजार भरला तरी दोष दिलात. अशी तरतूद तर आमच्या पाथरीच्या सावकारालाही जमली नसती.

सुमनला मी काही सांगितलं नाही. पण ती घरात आहे, आणि घराला भिंती असल्या तरी येडबाचा आवाज मोठा आहे. खरं आहे की खोटं, एवढंच कळवा. दुसरं काही लिहू नका. बाजाराचं तर मुळीच नको.

आबासाहेब

*

ताडकळस, ज्येष्ठ वद्य सप्तमी, शके १८६३

आबासाहेब,

खरं आहे.

मी तसं म्हणत नाही. आमच्या घरात कुणी म्हणत नाही. पण दारात म्हणतात, पारावर म्हणतात, आणि जीन निघणार म्हटल्यावर तर जास्तच म्हणतात. व्यंकटला मी म्हटलं, जा, बायकोला घेऊन ये. तो म्हणाला, दादा, जीनचं पक्कं होऊ द्या, मधेच काही फिसकटलं तर सगळे तिच्याच नावानं बोलतील. त्यालाही तिची काळजीच आहे. पण ती काळजी अशी आहे, की तिनं तिकडंच राहावं.

दिवाळीपर्यंत थांबावं. मी हात जोडतो.

माणिकराव

*

पाथरी, आषाढ शुद्ध चतुर्थी, शके १८६३

ती. मामंजी व आत्याबाईंना सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र लिहिताना माझ्या शेजारी कुणी उभं नाही. बाबा रानात गेले आहेत. ते पत्र वाचतील, कारण ते सगळं वाचतात, पण लिहिते मीच.

तुमचं गाव मला आवडलं होतं. हे कुणी मला विचारलं नाही, म्हणून सांगते. पारावर पखवाज वाजायचा तेव्हा मी माडीच्या खिडकीत बसून ऐकायची. पोरं तालमीत चुकायची ते ऐकून आत्याबाई आणि मी हसायचो. बाजार भरला की मलाही बरं वाटायचं. नंतर भीती वाटायला लागली, कारण तो माझा झाला. मला तिथं सून म्हणून नांदायचं होतं. तुम्ही मला देवीही केलंत आणि इडाही केलंत, मधलं काहीच ठेवलं नाहीत.

दिवाळीपर्यंत मी थांबणार नाही. जीनचं पक्कं होईपर्यंत थांबले तर पुढं कापूस येईपर्यंत थांबावं लागेल, मग भाव ठरेपर्यंत. बाजार कधी चढेल, कधी उतरेल. त्याची कारणं पावसात असतील, रेल्वेत असतील, अडत्यांच्या डोक्यात असतील. माझ्या पायात ती नाहीत. असती तर मी आधी बाबांच्या विहिरीला पाणी आणलं असतं.

मी पुढच्या बाजाराच्या दिवशी येते. मुद्दाम बाजाराच्या दिवशी, आणि मुद्दाम भर दुपारी. चुडाव्यापर्यंत आगगाडीनं, पुढं येडबाकाका आणि भिवराबाई सोबत आहेत. वेशीपासून बाजारातून चालत घरी येईन, मागच्या वाटेनं नाही. लेक कडेवर असेल. तिचं नाव मनकर्णा ठेवलं, तुम्हाला अजून कुणी सांगितलंही नसेल. तिच्या पायाला कुणी कुंकू लावायचं नाही आणि तिला बघून कुणी वाटही सोडायची नाही. एवढं तुम्ही गावाला सांगा. तुम्ही सांगितलं तर ऐकतील, कारण तुम्ही गावासाठी फार राबला आहात.

मनकर्णाच्या वडिलांना सांगा, वेशीवर यायचं असेल तर या. आले नाहीत तरी मला घर माहीत आहे.

आपली आज्ञांकित,
सुमन

*

ताडकळस, आषाढ वद्य प्रतिपदा, शके १८६३

आबासाहेब व्याह्यांना माणिकरावाचा नमस्कार.

सूनबाई पोचल्या. तुम्ही या पत्रावरही संशय घ्याल, म्हणून घडलं तसं लिहितो.

मी गावाला सांगितलं. चांगलं सांगितलं की नाही ठाऊक नाही. व्यंकट सकाळपासून वेशीवर जाऊन उभा होता. मी त्याला जा म्हटलं नव्हतं. सूनबाई येताच त्यानं पोरीला घ्यायला हात पुढं केले. पोरगी ओरडून रडली, तिला काय ठाऊक बाप कोण ते. तो तसाच रडकी पोर घेऊन भर बाजारातून पुढं चालला आणि सूनबाई मागून.

बाजार बेताचाच होता. सकाळी भुरभुर पाऊस येऊन गेला होता. लोक बघत होते, हे खोटं कशाला सांगू. कुणी हात जोडले नाहीत, कुणी वाट सोडली नाही. सूनबाई भुजंगाच्या दुकानापुढं थांबल्या आणि पोरीच्या झबल्यासाठी खण मागितला. भुजंगाचं तोंड उतरलं. म्हणाला, “सूनबाई, घेऊन जावा, तुमच्याकडून काय घ्यायचं?” त्या म्हणाल्या, “घ्यायचं ते घ्या, भुजंगकाका. चार गिऱ्हाइकांना सांगता तोच भाव सांगा.” त्यानं सांगितला. त्यांनी पाडून मागितला. तो म्हणाला परवडत नाही, त्या म्हणाल्या मग ठेवा. पाऊणशे माणसं उभी राहून घासाघीस ऐकत होती. शेवटी भाव जुळला आणि त्यानं कापड मोजून फाडलं.

आबासाहेब, भुजंगाचा हात सवयीनं चालतो. त्यानं माप कमी दिलं. आठ महिने आम्ही जिच्या पायाची माती उचलली आणि नंतर जिला इडा म्हटलं, तिला त्यानं इतर बायांसारखं फसवलं. सूनबाईंनी कापड हातावर मोजलं, एकदा, दोनदा. मग त्या हसल्या. वैशाखात लग्न होऊन आल्या तशा हसल्या, मला ते हसू आठवत होतं. आणि मग पदर खोचून असं भांडण काढलं की भांड्यांच्या ओळीतली माणसं बघायला धावून आली. सगळ्या बाया त्यांच्या बाजूनं बोलायला लागल्या, मलाबी तसंच केलंय, मलाबी. बाजार भरला की मोडला हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

पोरगी आत्ता माझ्या मांडीवर आहे, म्हणून अक्षर वाकडं येतं. दगडाबाई म्हणतात, कमलबाईंना लिहा, झबलं शिवून झालं की पाठवते, बघून परत धाडा. कापड पुरं पडलं. सूनबाईंनी भुजंगाकडून वर चार बोटं जास्तच वसूल केलं.

माणिकराव